माया, मेक्सिको आणि आपला कोकणातला सडा

लाँग वीकएंड जवळ आला की आमच्या ऑफिसात हमखास दोन पार्ट्या पडतात. एक गडवाले. ह्यांच्या सॅकमध्ये गूळपोळी, गळ्यात कॅमेरा आणि तोंडात सनावळ्या. दुसरे बीचवाले. ह्यांना रूममधून समुद्र दिसला पाहिजे, ताटात सुरमई पाहिजे आणि दोन दिवस कोणी शहाणपण शिकवायचं नाही. गडवाल्यांच्या मते बीचवाले उथळ, बीचवाल्यांच्या मते गडवाले बोअर. माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी देतो. दोघांचं भांडणच चुकीचं आहे. एवढंच नाही, तर कोकणातली सगळ्यात जुनी गोष्ट वाचवायची असेल तर ती बीचवाल्यांच्याच खिशातून वाचेल.

आधी जरा लांबून सुरुवात करतो. मेक्सिकोतलं कानकून बऱ्याच जणांच्या 'कधीतरी जायचं' यादीत असतं. 1970 च्या सुमारास तिथे जवळजवळ काही नव्हतं. मोजकी माणसं, नारळ आणि वाळू. मेक्सिकोच्या सरकारने जागा हेरून, ठरवून तिथे पर्यटननगरी वसवली. आज तिथे उतरणारा माणूस दिवसा माया लोकांची प्राचीन शहरं बघतो आणि रात्री बीचवर नाचतो. तुळुम तर समुद्राच्या कड्यावरच आहे, म्हणजे भिंतीच्या आत मंदिरं आणि खाली निळं पाणी. चिचेन इत्झाच्या पिरॅमिडला चार बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून 365. वर्षाचे दिवस! हे असलं काही ऐकलं की कॅलेंडरच्या बगमध्ये आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला हात जोडावेसे वाटतात.

पण ह्या सोयीची किंमतही आहे. लाखो पाय लागल्यावर दगड झिजतो. त्या पिरॅमिडवर चढायला आता बंदी आहे. 2023 च्या डिसेंबरात तिथे 'माया ट्रेन' सुरू झाली, आणि तिच्यासाठी जंगल तोडल्यावरून अन् जमिनीखालच्या गुहांवरून मोठा वादही झाला. शिवाय आपण 'लोप पावलेली संस्कृती' म्हणून फोटो काढतो, तिचे वंशज तिथेच आहेत. लाखो लोक अजून माया भाषा बोलतात. त्यातलेच कितीतरी जण हॉटेलात चादरी बदलत असतात. असो.

आता आपल्याकडे या. पुण्याहून सात-आठ तास गाडी हाणली की गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. शनिवारी तिथे काय गर्दी असते ते सांगायला नको. उंट, घोडागाडी, पाण्यातल्या स्कूटर, मोदक, सोलकढी... मला हे सगळं आवडतं, ह्यात लाजण्यासारखं काही नाही. गंमत अशी की त्याच किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, गाडीने तासा-दोन तासांच्या आत, माया लोकांच्या शहरांपेक्षा कितीतरी जुनं काहीतरी उघड्यावर पडलेलं आहे आणि तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. मी कातळशिल्पांबद्दल बोलतोय.

कोकणात जांभ्या दगडाची सपाट पठारं आहेत, त्यांना सडा म्हणतात. ह्या सड्यांवर कोणीतरी जमिनीतच चित्रं कोरून ठेवली आहेत. उक्षीला हत्ती आहे. राजापूर तालुक्यात कशेळीला तर सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती, आणि त्याच्या आत लहानमोठे कितीतरी प्राणी. बारसूला एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात औषधालाही सापडणार नाही. देवाचे गोठणे इथल्या चित्रापाशी होकायंत्र ठेवलं तर ते भलतीच दिशा दाखवतं. जाणकार ह्या चित्रांचं वय दहा हजार वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही मागे नेतात. 2022 मध्ये ह्यातली महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं.

ही शोधली कोणी? गावातल्या गुराख्यांना काही ठिकाणं माहीत होतीच. पण सडे पायी तुडवून, गावोगाव विचारत त्यांची नोंद केली ती रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई ह्यांनी. रिसबूड शिक्षणाने इंजिनिअर. म्हणजे आपलेच! (आपण मात्र अजून टाइमशीट भरतोय.)

आता खरा मुद्दा. आमच्या भाषेत सांगायचं तर ही सिस्टिम अशी आहे की जिचा डेव्हलपर सोडून गेलाय, डॉक्युमेंटेशन नाही, बॅकअप नाही आणि प्रत एकच. ती एकच प्रत कोणाच्या तरी खाजगी जमिनीवर आहे. त्या माणसासाठी सडा म्हणजे काय? चिरेखाण. किंवा कातळ फोडून, माती भरून लावलेली हापूसची कलमं. चिऱ्याला रोख भाव आहे, आंब्यालाही आहे. हत्तीच्या चित्राला काय भाव? बारसूच्या सड्यावर 2023 मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि केवढं आंदोलन झालं ते आपण टीव्हीवर पाहिलं. त्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. ज्या जमिनीचा गावाला काही उपयोग नाही असं कागदावर दिसतं, ती जमीन कधी ना कधी कोणीतरी मागायला येतंच.

आणि पुण्यात बसून 'वारसा जपला पाहिजे' म्हणायला आपलं काय जातं? चिरेखाण बंद ठेवायची ती त्यांनी, कौतुक करायचं ते आपण. हा हिशोब काही बरोबर नाही. एका सड्यावर वाट दाखवायला आलेले काका मला म्हणाले, "लोक येतात, फोटो काढतात नि जातात. चहासुद्धा घेत नाहीत हो गावात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

म्हणून म्हणतो, बीचवाल्यांनो, तुम्ही या. रिसॉर्टच्या एका रात्रीला पाच-सहा हजार देताना आपण हूं की चूं करत नाही. त्यातलाच अर्धा दिवस आणि हजारभर रुपये सड्यावरच्या गावात खर्च करा. गावातलाच वाटाड्या घ्या आणि त्याच्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका. जेवण गावातल्याच घरी सांगून ठेवा. कुळथाचं पिठलं आणि भाकरी रिसॉर्टच्या बुफेला भारी पडते, लिहून घ्या. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी नुसता कातळ दिसतो आणि डोकं तापतं. गाडी सड्यावर घालू नका, चित्रावर उभे राहू नका, आणि फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू किंवा रांगोळी तर मुळीच भरू नका.

'मग तिथेही कानकून होईल, गर्दी वाढेल' असं गडवाले म्हणतील. भीती खोटी नाही. पण उक्षीत हत्तीभोवती दगडी कुंपण आहे, लांबून नीट बघता येतं. म्हणजे गर्दीला शिस्त लावता येते. खणून नेलेल्या सड्याला मात्र कुठलीच शिस्त परत आणू शकत नाही. कोणी येतच नाही आणि कोणी आलं तरी दमडी सोडत नाही, ह्या दोन्ही गोष्टी मला गर्दीपेक्षा जास्त धोक्याच्या वाटतात.

आणि हो, संध्याकाळी बीचवर जरूर जा. दिवसभर कातळावर चालल्यावर समुद्राच्या पाण्यात पाय सोडून बसायला जे सुख आहे, ते गडवाल्यांनाही एकदा कळू दे :)