चहा सोडलेल्या बाईनं चहाचा सेंट लावावा का?

चातुर्मास लागला की आपल्यातल्या कितीतरी जणी चहाचा त्याग करतात. कुणी चार महिने, कुणी दशलक्षणाचे दहा दिवस. यंदा आमच्या स्वाध्यायाच्या बायकांत एक नवाच प्रश्न निघाला. एकीच्या सुनेनं चहाच्या वासाचा सेंट लावला होता आणि तिचा चहाचा नियम चालू होता. ‘नियम मोडलास की गं’ असं दोघी-तिघींनी तोंडावर सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती पोरगी स्वाध्यायाला आलीच नाही.

माझं मत आधी सांगते. तिचा नियम मोडलेला नाही. नियम पिण्याचा होता. देवासमोर हात जोडून जेवढं बोललो तेवढाच नियम, शेजारणीनं त्यात भर घालायची नसते.

शिवाय त्या बाटलीत चहा नसतोच. गवती चहात कुठं चहा असतो? तसंच हे. या प्रकाराला नाव मिळवून दिलं ते जाँ-क्लोद एलेना या फ्रेंच अत्तरकारानं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बुल्गारी कंपनीसाठी केलेल्या हिरव्या चहाच्या सेंटनं. त्याचा मुख्य डौल दोन द्रव्यांवर उभा आहे. एक जाईच्या वासाचं हेडिओन, दुसरं व्हायोलेट फुलाच्या वासाचं आयोनोन. जोडीला बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचा वास. अर्ल ग्रे चहाला जो वास असतो तो या बर्गमॉटचाच. तेव्हा आपल्या पातेल्यातल्या चहाशी त्याचा संबंध लांबचाच. आमच्या सासूबाईंनी हुंगून पाहिलं आणि म्हणाल्या, “ह्यात सुंठ कुठं आहे?” (आमच्याकडे कंदमूळ म्हणून आलं चालत नाही, चहात सुंठच पडते.)

सासूबाईंनी चहा सोडून वीस वर्षं झाली. पहिले चार-पाच दिवस डोकं धरून बसायच्या. पण पहाटे सगळ्या घराचा चहा आजही त्याच ठेवतात, वाफ नाकातोंडात जाते. त्यांचा नियम मोडला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

तरीही ज्या दिवसांत चहा सोडलाय त्या दिवसांत तो सेंट लावू नये, असंच मी त्या सुनेला सांगेन. वास येणं वेगळं आणि वास घेणं वेगळं. सासूबाई दुसऱ्यांसाठी चहा करतात, वास त्यांच्याकडे आपोआप येतो. सेंट आपण स्वतःसाठी, हौसेनं लावतो. पाच इंद्रियांची उदाहरणं लहानपणी पाठशाळेत ऐकलेली आहेत. त्यातला भुंगा आठवा. सुगंधाच्या लोभानं कमळात बसून राहतो, सूर्य मावळतो, पाकळ्या मिटतात. जिभेचा लगाम ओढायचा आणि नाकाला मोकळं सोडायचं, यात त्यागाची गोडी काय राहिली? पण हे समजावण्याचं आहे, चारचौघींत बोलून दाखवण्याचं नाही.

आणि बोलून दाखवायचंच असेल तर सगळंच बोलूया. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात उपवासाच्या दिवशी काय काय टाकायचं ते सांगितलंय. त्यात अलंकार आहेत, आरंभ आहे, गंध आहे, फुलं आहेत, स्नान, अंजन आणि नस्यसुद्धा आहे. म्हणजे उपवासाला सेंट नको, मग तो चहाचा असो की गुलाबाचा. आणि गजराही नको. त्या दिवशी ‘मोडलास’ म्हणणाऱ्यांतल्या एकीचा उपवास होता आणि केसांत मोगऱ्याचा चांगला हातभर गजरा होता.

फुलांचं अत्तर शुद्ध आणि प्रयोगशाळेतला सेंट अशुद्ध, हेही मला पटत नाही. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. कनौजला देग-भपक्यात फुलं शिजवून अत्तर काढतात, कला मोठी आहे, पण फुलागणिक जीव आहेत आणि फुलात दडलेले किडे वेगळेच. त्यापुढे प्रयोगशाळेत बनवलेला जाईचा वास मला कमी हिंसेचा वाटतो. कस्तुरीचंही तसंच. खरी कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या पोटाजवळच्या ग्रंथीतली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्या हरणाला पूर्ण संरक्षण दिलंय. आज बाजारातल्या बहुतेक सेंटमधली ‘मस्क’ कृत्रिम असते, आणि आपल्या दृष्टीनं ते बरंच आहे. जवादी मांजराचा अर्क आणि व्हेलच्या पोटातला अंबर ही नावंही ओळखून ठेवा. वेष्टनावर प्राणिजन्य काही नाही असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यावं.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. स्प्रेच्या बाटलीत सर्वांत जास्त असतो अल्कोहोल. तो कसा होतो हे आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना सांगायला नको. साखर कारखान्याची मळी आंबवून, यीस्ट वाढवून. मद्यत्याग आपल्या मूलगुणांतला पहिला. अंगाला लावणं म्हणजे पिणं नव्हे हे मान्य, पण आंबवण्यातली जीवहिंसा तीच राहते. यावर स्वाध्यायात कुणी अवाक्षर काढलं नाही, सगळ्या चहावर अडकल्या.

तेव्हा हौस असेल तर तेलातलं, रोल-ऑनचं घ्या. चहाच्या वासाचंही त्यात मिळतं. मंदिरात जाताना आणि महाराजांच्या आहाराच्या दिवशी आमच्या घरी कुठलाच वास लावत नाहीत. एरवी लग्नाला, ऑफिसला जाताना सुनांनी लावला तर मी काही म्हणत नाही. आणि ती पोरगी परत आली की कुणी तिला हुंगायला जाऊ नका, नेहमीसारखी शेजारी जागा द्या.