पिल्लालाही गाडी लागते

'गाडी लागणे' हा आपल्या मराठीतला मोठा बोलका वाक्प्रचार आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला किंवा आंबोलीमार्गे सावंतवाडीला जाणाऱ्या बसमध्ये कुणाला गाडी लागली, तर निम्मी बस त्याच्या मदतीला धावते. कुणी खिडकीजवळची जागा देतो, कुणी आवळासुपारी पुढे करतो, कुणी पिशवीतले लिंबू काढून हुंगायला देतो. कुरकुरत का होईना, पण कंडक्टरही गाडी घटकाभर थांबवतो. 'नाटकं करतोय, दोन थपडा द्या म्हणजे ओकायचा थांबेल' असे त्या बसमध्ये कुणीही म्हणत नाही. मात्र हीच माणसे घरच्या मोटारीत बसली आणि कुत्र्याच्या पिल्लाने आसनावर ओकारी काढली, की त्यांची भाषा एकदम बदलते. पिल्लू 'लाडावलेले' ठरते, 'हट्टी' ठरते आणि पुढच्या वेळी त्याला मानेला धरून आत कोंबण्यात येते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की पिल्लालाही गाडी लागते. आणि ते लागणे काय किंवा त्यातून जन्मणारी भीती काय, दोन्ही गोष्टी शिक्षेने जात नाहीत.

महाविद्यालयाच्या अंकात लिहावा असा हा विषय आहे का, असे कुणी विचारील. आहे, असे मला वाटते. आज बेळगावच्या गल्लोगल्ली घरापुढे मोटार उभी असते आणि फाटकामागे कुत्रे असते. पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्यावी लागते आणि पुढेही ती ठरलेल्या वेळी पुन्हा द्यावी लागते. मोटार पाहताच पलंगाखाली दडणाऱ्या कुत्र्याला दवाखान्यात नेणे हा एक संग्रामच असतो. मग लस आज-उद्या करीत राहून जाते. रेबीज हा असा रोग आहे, की त्याची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे जवळजवळ कुणीच वाचत नाही, ना कुत्रा ना माणूस. शिवाय घर बदलताना, बदलीच्या गावी जाताना 'हे गाडीत बसत नाही हो' या एका सबबीवर किती कुत्री मागे सोडली जातात, हे आपण पाहतोच. तेव्हा प्रश्न केवळ आसनाच्या खोळीचा नाही.

आता या दुखण्याचे मूळ पाहू. आपल्या आणि कुत्र्याच्याही कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी रचना असते. मोटारीत बसले की ती सांगते, 'आपण हलत आहोत'. आणि डोळ्यांसमोर तर आसनाची पाठ स्थिर दिसत असते. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळ सुरू होते. लहान पिल्लांत ही रचना पुरती विकसित झालेली नसल्याने त्यांना हा त्रास मोठ्या कुत्र्यांपेक्षा अधिक होतो. वय वर्षाच्या आसपास पोचेपर्यंत पुष्कळ पिल्लांचा तो आपोआप कमी होतो. म्हणजे शरीर आपले काम करीतच असते.

मग कित्येक कुत्री जन्मभर मोटारीला का भितात? याचे उत्तर मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. पाव्हलॉव्हचे कुत्रे आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे. अन्नाची खूण पटताच त्या कुत्र्यांना, अन्न समोर येण्याआधीच, लाळ सुटे. मोटार लागलेल्या पिल्लालाही लाळ सुटते. पण ती मळमळीची. दोन-तीन वाईट प्रवासांनंतर तर नुसती उभी मोटार पाहून, किल्ल्यांचा आवाज ऐकून ती गळू लागते. वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे, थरथरणे, कण्हणे ही त्याचीच लक्षणे. त्यात पिल्लाचा पहिला प्रवास बहुधा आईपासून तोडणारा असतो आणि दुसरा इंजेक्शनच्या टेबलापाशी संपणारा. अशा वाहनाविषयी त्याने प्रेम बाळगावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आमच्या घरी मोत्या आला तो मुधोळहून. मुधोळची कुत्री वेगासाठी नावाजलेली. ससा हेरावा आणि वाऱ्यासारखे सुटावे ही त्यांची ख्याती. मामांनी त्याला दोन महिन्यांचा असताना मोटारीतून आणला आणि वाटेत तो तीनदा ओकला. त्यानंतर ही वेगवान जातीची स्वारी मोटारीचे दार उघडल्याचा आवाज आला, की न्हाणीघरात जाऊन बसे. मामांचे मत पडले, 'रोज तासभर फिरवा, आपोआप सवय होईल.' त्यावर आई म्हणाली, 'दादा, तुलाही लहानपणी आंबोलीत गाडी लागायची. म्हणून आप्पांनी तुला रोज घाटात नेलं का?' मामा हसले आणि विषय आईच्या ताब्यात गेला.

मामांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. सवयीने भीती जाते हे खरे. पण सवय कोणत्या मात्रेने लावायची हा कळीचा मुद्दा आहे. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या एका लहान मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा दूर ठेवला जाई आणि तो जसजसा निर्धास्त होई तसतसा ससा थोडा जवळ आणला जाई. शेवटी मुलगा सशाला कुरवाळू लागला. ससा पहिल्याच दिवशी त्याच्या मांडीवर टाकला असता तर काय झाले असते, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही.

आईने नेमके हेच केले. पहिले काही दिवस मोत्याचे जेवण उभ्या मोटारीपासून चार हातांवर मांडले. मग दारापाशी, मग उघड्या दाराच्या आत. तो स्वतःहून चढला तेव्हाच चढला. कुणी ढकलले नाही. पुढे आत बसून खाऊ आणि इंजिन चालू, पण चाके स्थिर. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग व्हॅक्सिन डेपोच्या मैदानापर्यंत, जिथे उतरताच त्याला झाडांमधून हुंदडायला मिळे. ज्या दिवशी लाळ गळली त्या दिवशी एक पायरी मागे. शेजारच्या अज्जी कट्ट्यावरून 'हेदरबेडा मरी, हेदरबेडा' म्हणत धीर देत. मोत्याची ती पहिली कन्नड शिकवणी. सुमारे पाच आठवडे लागले. रोजचा वेळ दहा मिनिटे. ज्यांना 'एवढा वेळ कुणाला आहे' असे वाटते, त्यांनी आसने धुण्यात जाणारा वेळ मोजून पाहावा.

काही पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर जेवण देऊ नये, पाणी द्यावे. काच थोडी खाली असावी, पण पिल्लाचे डोके बाहेर नसावे. त्याला पुढच्या आसनावर मांडीत न घेता मागे पट्ट्याने किंवा पेटीत सुरक्षित बसवावे. वळणे सावकाश घ्यावीत, लांबच्या वाटेवर मधूनमधून थांबावे. ओकारी झालीच तर न रागावता पुसून टाकावी. उन्हात बंद मोटारीत त्याला क्षणभरही ठेवू नये. आतली उष्णता झपाट्याने वाढते आणि प्राणावर बेतते. एवढे करूनही त्रास राहिला तर पशुवैद्यांकडे जावे. कुत्र्यांच्या प्रवासी ओकारीवर मॅरोपिटंट हे औषध आता मिळते. पण ते वय आणि वजन पाहून डॉक्टरांनीच द्यायचे असते. आपल्या कपाटातली माणसांची गोळी मोडून देणे धोक्याचे आहे.

'माणसांच्या पोरांना विचारायला कुणी नाही, आणि तुम्ही कुत्र्यांचे लाड सांगता!' हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण यात लाड कोणते? वर सांगितलेल्या गोष्टींना पैसा लागत नाही, आणि कुणाच्या मुलाच्या तोंडचा घास काढून त्या करायच्या नाहीत. पिल्लू आपल्या घरी अर्ज करून आलेले नसते; आपण त्याला हौसेने आणलेले असते. जनावराला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. आणि खरे सांगायचे तर, भ्यालेल्या जिवाशी वागण्याची आपली रीत एकच असते. पिल्लाला मानेला धरून गाडीत कोंबणारा हात, फळ्यापाशी थरथरणाऱ्या मुलाला धीर देईल असे मला वाटत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी असे पिल्लू आहे त्यांना माझी विनंती आहे. आज संध्याकाळी मोटार अंगणात उभी करावी, दार उघडे ठेवावे आणि पिल्लाची थाळी त्याला भीती वाटणार नाही इतक्या अंतरावर मांडावी. मोटार चालू करू नये. पहिल्या दिवसाला एवढे काम पुरे आहे.