‘मला जमेल का?’ हा प्रश्न एकटीचा नाही

नर्सिंगला आलेली मुलगी अर्ध्यात शिक्षण सोडते, तेव्हा ‘तिच्यात आत्मविश्वासच नव्हता’ असं म्हणून विषय संपवला जातो. मुरूडजवळच्या कोळीवाड्यातून आलेली, आज दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी म्हणून मला हे मान्य नाही.

कामाबद्दलची शंका वेगळी आणि स्वतःबद्दलची शंका वेगळी. रुग्ण तोच ना, औषध तेच ना, मात्रा, वेळ आणि देण्याचा मार्ग बरोबर ना, हे पाच प्रश्न औषध देण्याआधी विचारायला आम्हाला शिकवतात. ही शंका नर्सने निवृत्त होईपर्यंत जपायची असते. पण वॉर्डात तीच मोठ्याने विचारली की ‘एवढंही येत नाही? मग मासळी विकायची होती!’ असं रुग्णांदेखत ऐकावं लागतं. दोनदा ऐकलं की मुलगी विचारणंच सोडते. मात्रेची शंका मनात राहते आणि ‘मीच नालायक’ ही शंका पक्की होते. यात नुकसान मुलीचं आहे, तसंच रुग्णाचंही.

पुस्तकं इंग्रजी, आमची बोली मात्र चेष्टेचा विषय. पण आगरी-कोळी आज्या कुठे, कसं दुखतंय ते आमच्याशीच बोलतात. त्याला परीक्षेत गुण नाहीत.

वर आनंदीबाई जोशींचा दाखला दिला जातो. ‘त्या अमेरिकेत शिकल्या, तुम्हाला इथे जमत नाही?’ गोपाळरावांच्या बदलीमुळे आनंदीबाई आमच्या अलिबागलाही राहिल्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांचं धैर्य मोठंच. पण न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्यासारखं ठेवून घेतलं, फिलाडेल्फियाचं कॉलेज खास स्त्रियांसाठीचं होतं आणि त्याच्या प्रमुख रॅचेल बॉडली त्यांच्या पाठीशी होत्या, हे कुणी सांगत नाही. सोबत गाळून नुसतं धैर्य सांगितलं की त्याची छडी होते.

होस्टेलवर आम्ही सातजणींनी एक वही केली आहे. दिवसभरात विचारता न आलेले प्रश्न त्यात लिहायचे, रात्री मिळून उत्तरं शोधायची, न सापडलेली दुसऱ्या दिवशी दोघींनी जाऊन विचारायची. प्रश्न सगळ्यांचेच आहेत हे कळल्यावर छातीवरचं ओझं अर्धं उतरतं.

मैत्रिणींनो, आपल्या संघटना गावोगाव आरोग्य शिबिरं घेतात. तशीच शिकणाऱ्या मुलींची महिन्याला एक बैठक घ्या. जुन्या नर्स, एएनएम ताई यांना बोलवा. त्यांनाही कधी हात थरथरल्याचं आठवत असेल, ते सांगू द्या. आणि रुग्णांसमोर होणाऱ्या अपमानाची तक्रार आमच्याबरोबर येऊन करा. एकटीने केली तर ती उद्धट ठरते. वीसजणींनी केली तर निदान कागदावर नोंद होते.