घर कुणाचे आणि कर कुणाचा?

मार्च महिना उजाडला की नागपूर महानगरपालिकेच्या दहाही झोन कार्यालयांना अचानक जाग येते. वर्षभर निद्रिस्त असलेली वसुली यंत्रणा रस्त्यावर उतरते आणि फाटकाफाटकांवर नोटिसा डकवू लागते. गेल्या मार्चमध्ये आमच्या वस्तीतील एका दुमजली घरावर अशीच एक नोटीस लागली. खालचा मजला कुलूपबंद, वरच्या मजल्यावर खोली करून राहणारी चार मुले. एक यवतमाळचा, दोघे गोंदियाचे, चौथा चंद्रपूरचा. घरमालक निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला स्थायिक झालेले. मुलांनी त्यांना फोन केला, तर उत्तर मिळाले, "राहता तुम्ही. नळ, नाली, रस्त्यावरचा दिवा वापरता तुम्ही. मग घरटॅक्स मी कशाला भरू?" मुले म्हणाली, "काका, पण कागदावर असे कुठेच लिहिलेले नाही." ज्या दलालाने घर मिळवून दिले होते, त्याने "सगळीकडे असंच असते" असा निवाडा देऊन हात झटकले. पुढे चौघांतच जुंपली. चंद्रपूरचा मुलगा ऑक्टोबरात आलेला. आधीच्या वर्षांचा कर आपण का द्यावा, हा त्याचा प्रश्न. गोंदियाचा एक जण परीक्षा आटोपून एप्रिलमध्ये खोली सोडणार होता. तो तर बोलायलाच तयार नव्हता.

हा वाद क्षुल्लक वाटेल. परंतु मिहान, हिंगणा औद्योगिक वसाहत, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये, शिकवणी वर्ग यांच्यासाठी विदर्भातून येणारी तरुण पिढी अशाच भाड्याच्या घरांत तिघे-चौघे मिळून राहते, आणि या शहराशी तिचा पहिला परिचय अशाच व्यवहारांतून होतो.

कायदा याबाबतीत मुका आहे काय? मुळीच नाही. नागपूर महानगरपालिका पूर्वी १९४८ च्या स्वतंत्र कायद्यान्वये चालत असे. आता तिला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम १३९ नुसार, घर भाड्याने दिलेले असेल तर मालमत्ता कराची प्राथमिक जबाबदारी भाड्याने देणाऱ्याची. भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला तरी ती जबाबदारी खाली घरंगळत नाही, मूळ देणाऱ्यावरच राहते. मालकाने देयक मिळूनही भरणा केला नाही, तर कलम १४० अन्वये महापालिका प्रत्यक्ष राहणाऱ्याकडे वळू शकते. पण तिथेही मर्यादा घातल्या आहेत. अनेक जण राहत असतील तर प्रत्येकाकडून त्याच्या भाड्याच्या प्रमाणातच रक्कम घेता येते. एक वर्षापेक्षा जुनी थकबाकी त्याच्याकडून घेता येत नाही, आणि ज्या काळात तो त्या घरात राहतच नव्हता, त्या काळाचा करही नाही. जे भरले, ते मालकाच्या हिशेबात वळते करण्याचा, म्हणजेच भाड्यातून कापून घेण्याचा हक्क त्याला आहे. चंद्रपूरच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे कायद्यात छापलेले होते. ते ना त्याला ठाऊक होते, ना मालकाला, आणि नोटीस डकवणाऱ्याने ते सांगण्याची तसदी घेतली नव्हती. मालक-भाडेकरूंनी आपसात काही निराळे ठरवले तर तो त्यांच्यातला करार. महापालिका त्याने बांधली जात नाही. कलम १४१ प्रमाणे कराचा पहिला बोजा त्या मालमत्तेवरच असतो. म्हणजे भाडेकरूशी भांडून मालक कर थकवतो, तेव्हा दरमहा दोन टक्के शास्ती स्वतःच्याच घरावर चढवत असतो!

घरमालकांचीही एक बाजू आहे आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. महाल-इतवारीतील जुने वाडे पाहा. १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश विदर्भात पन्नास वर्षे ठाण मांडून होता. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची, तरी आधी भाडे नियंत्रकाची अनुमती घ्यावी लागे. भाडे गोठलेले, कर मात्र वाढता. वाड्याचे सारे भाडे गोळा केले तरी त्या वर्षीचा कर निघू नये, अशी कित्येक घराण्यांची गत झाली. समाजवादी विचारांच्या धुरिणांनी रंगवलेल्या चित्रात प्रत्येक घरमालक हा शोषक होता; मग तो दोन खोल्या भाड्याने देऊन मुलीच्या लग्नाची तजवीज करणारा निवृत्त शिक्षक का असेना. मुंबईच्या भाडे कायद्याखालील गोठवलेली भाडी कालबाह्य आणि अवाजवी झाली आहेत, हे अखेर सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सांगावे लागले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि विदर्भातील जुना आदेश इतिहासजमा झाला. या कायद्याच्या कलम १२ ने स्थानिक करात वाढ झाली तर तेवढी वाढ भाड्यात मिळवण्याची मुभा मालकाला दिली. मुभा वाढीपुरती आहे, संपूर्ण कर भाडेकरूच्या माथी मारण्याची नव्हे. हा फरक सोयीस्करपणे विसरला जातो.

मग वाद का? कारण आम्हाला कागद नको असतो. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ सांगते की, भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो करवून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि न केल्यास तुरुंगवासाची किंवा दंडाची शिक्षा होऊ शकते. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर ते खोटे ठरत नाही. तरीही 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हा मंत्र वस्त्यावस्त्यांत जपला जातो. तो १९०८ च्या नोंदणी कायद्यातील जुन्या तरतुदीचा अवशेष आहे. महाराष्ट्रात भाड्याच्या घराला तो केव्हाच लागू राहिलेला नाही.

आता थोडे कटू लिहिणे भाग आहे, आणि ते आपल्याच माणसांविषयी आहे. करार न नोंदवण्याचे खरे कारण अज्ञान नसते. भाडेकरू आहे, हे महापालिकेला आणि आयकर खात्याला कळू नये, ही इच्छा त्यामागे असते. पुण्यात १९७० पासून स्वतः घरात राहणाऱ्या मालकाला करात ४० टक्के सवलत होती. मधल्या काळात ती काढून घेण्यात आली आणि २०२३ मध्ये पुन्हा देण्यात आली. सवलत योग्यच आहे. परंतु घर भाड्याने देऊन 'स्वतः राहतो' असे लिहून देणाऱ्याला काय म्हणावे? विजयादशमीला रेशीमबागेत पूर्ण गणवेशात उभे राहायचे, राष्ट्राच्या परमवैभवाची प्रार्थना म्हणायची आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावरील मुलांना बजावायचे, "कुणी विचारले तर भाचे आहोत म्हणून सांगा!" संघाच्या शताब्दीनिमित्त पंच परिवर्तनाचे जे विषय समाजापुढे आले, त्यांत नागरी कर्तव्य हा एक आहे. त्यावरची व्याख्याने आम्ही पुष्कळ ऐकली. त्या व्याख्यानांत घरटॅक्सची पावती मात्र आमच्या ऐकिवात नाही.

'करामध्ये काय मिळते, रस्त्यांवर खड्डेच ना,' हा युक्तिवादही नेहमीचा. खड्डे आहेत, त्याबद्दल महापालिकेला धारेवर धरलेच पाहिजे. परंतु जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, पुढे वस्तू व सेवा कर आला. शहराच्या हाती स्वतःचे म्हणावे असे जे मोठे उत्पन्न उरले, त्यात मालमत्ता कर अग्रभागी आहे. आणि वेळोवेळी अभय योजना काढून थकबाकीदारांची शास्ती माफ करणारी महापालिका, एप्रिलमध्येच रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रामाणिक नागरिकाला नेमके काय शिकवते, हेही एकदा तिने सांगावे.

आमचे काही मित्र अशा वेळी इंग्लंडचा दाखला देतात. तिथे १९९३ पासून स्थानिक कर सामान्यतः घरात राहणारा भरतो. मात्र एकच घर खोल्याखोल्यांनी वेगवेगळ्यांना दिलेले असेल तर तो मालकावर येतो, आणि घरातील सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर आकारलाच जात नाही. व्यवस्था स्पष्ट आहे, घेण्यासारखीही आहे. पण त्यासाठी इतक्या दूर जाण्याची आवश्यकता नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरभाड्याचे प्रकरण आहे. सोडण्यास सांगूनही घर न सोडणाऱ्या भाडेकरूला बारा पण दंड. आणि भाडे दिलेल्या भाडेकरूला, चोरी, शिवीगाळ वा घराचा गैरवापर अशा कारणाविना, बाहेर काढणाऱ्या मालकालाही तितकाच दंड. आपणहून मध्येच निघून जाणाऱ्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे, हेही तिथेच. ज्याला घर आहे तो दुष्ट आणि ज्याला नाही तो साधू, अशी भाबडी विभागणी त्या ग्रंथकाराने केली नव्हती.

वर उल्लेखलेल्या चार मुलांचे प्रकरण वस्तीतील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने, जे स्वतः वकील आहेत, एका रविवारी सकाळी मिटवले. त्यांनी मुलांना चालू वर्षाचा कर भरायला लावला, ज्याच्या-त्याच्या भाड्याच्या आणि राहण्याच्या काळाच्या प्रमाणात. पावतीची प्रत पुण्याला पाठवली, सोबत कलम १४० ची छायाप्रत. पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्यातून ती रक्कम वजा झाली. मालक आधी संतापले. मग जुनी थकबाकी शास्तीसह त्यांनी स्वतः भरली आणि मे महिन्यात नागपूरला येऊन करार नोंदवून गेले. त्यात एक ओळ नवी आहे : मालमत्ता कर मालक भरील, पाणी आणि विजेचे देयक राहणारे भरतील. भाडे महिना तीनशे रुपयांनी वाढले, आणि त्याबद्दल मुलांची तक्रार नाही.