टोस्टर निदान खरं बोलतो

गेल्या शनिवारी सकाळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राने एक फोटो टाकला. चकचकीत अमेरिकन फुटबॉल, त्याच्या माथ्यावर दोन खाचा आणि खाचांतून डोकावणाऱ्या दोन भाजलेल्या पॉप-टार्ट. खाली मजकूर : "ही म्हणे ट्रॉफी! अमेरिकेत खेळाची पार माती केली आहे लोकांनी." अकरा जणांनी हसणारे चेहरे टाकले. एकाने 'भांडवलशाहीचा विजय असो' असं लिहिलं. (हा गृहस्थ एका क्रेडिट कार्डवाल्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट आहे, पण ते असो.) मी उत्तर टाइप करायला घेतलं, ते चार स्क्रीन लांब झालं, तेव्हा म्हटलं हा वीकेंडला बसून लिहायचा ऐवज आहे.

तर मित्रहो, मी त्या टोस्टरच्या बाजूने आहे. चेष्टेत नाही, अगदी मनापासून.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेजांचं फुटबॉल हा मोठा धंदा आहे. सीझन संपला की डिसेंबर-जानेवारीत 'बाऊल' नावाचे चाळीसेक सामने होतात. प्लेऑफचे सोडले तर बहुतेक बाऊल हे एकच सामना, जिंकला तर एक ट्रॉफी, आणि घरी. बाऊलला प्रायोजक असतो आणि प्रायोजकाचं नाव सामन्याला लागतं. म्हणून बटाट्याचा बाऊल आहे, मेयोनीजचा आहे, आणि ओरलँडोला पॉप-टार्टचा आहे. तिथे २८ डिसेंबर २०२३ ला कॅन्सस स्टेटने एनसी स्टेटला २८-१९ हरवलं. मग पॉप-टार्टच्या वेषातला मॅस्कॉट हसत हसत एका अवाढव्य टोस्टरमध्ये उतरला, खालून खरी, खाता येईल अशी भलीमोठी पॉप-टार्ट बाहेर आली आणि जिंकलेल्या पोरांनी ती हाताने तोडून खाल्ली. पुढच्या वर्षी, २०२४ ला, आयोवा स्टेटने मायामीला ४२-४१ असं हरवलं तेव्हा ट्रॉफीच खराखुरा चालणारा टोस्टर होती. फोटो तिचाच.

त्या २०२३ च्या आठवड्यात मी शार्लटला ऑनसाईट होतो. २७ डिसेंबरला क्लायंटकडचा आमचा लीड मला मेयो बाऊलला घेऊन गेला. वेस्ट व्हर्जिनियाने नॉर्थ कॅरोलायनाला ३०-१० असं धुतलं आणि मग त्यांच्या कोचच्या डोक्यावर बादलीभर मेयोनीज ओतलं गेलं. त्याबद्दल धर्मादाय कामासाठी दहा हजार डॉलर दिले जातात. आमच्याकडे धुळवडीला अंगावर जे जे पडतं ते पाहिलेल्या माणसाला यात घाण वाटण्यासारखं काही नव्हतं. बरं, लीडला मेयोनीजचा राग नव्हताच. तो भडकला होता ड्रेक मे नावाच्या पोरावर. नॉर्थ कॅरोलायनाचा हा क्वार्टरबॅक, शार्लटच्याच जवळचा, आणि तो हा सामना खेळलाच नाही. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये जायचं होतं, दुखापतीचा धोका नको, म्हणून बाहेर बसला. "या पोरांना इज्जत कशाची राहिलीच नाही," लीड परतीच्या वाटेवर तीनदा म्हणाला. म्हणजे त्याच्या मते खेळाची माती पोरं करतात. आमच्या ग्रुपच्या मते टोस्टर करतो.

मला दोघांचंही पटत नाही. आधी ग्रुपचं घेऊ.

'खेळ आधी पवित्र होता, मग कंपन्या आल्या' ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण सगळ्या बाऊलांचा आजोबा जो रोज बाऊल, त्याची जन्मकथा बघा. पॅसाडेनातल्या एका क्लबने १८९० पासून १ जानेवारीला फुलांची मिरवणूक काढायला सुरुवात केली. कशासाठी? बाकी देश बर्फात गारठलेला असताना आमच्याकडे गुलाब फुलतात बघा, या इकडे राहायला, हे सांगण्यासाठी. फुटबॉलचा सामना त्यात १९०२ ला घुसवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं चिरडलं आणि आयोजकांना फुटबॉल इतका पवित्र वाटला की त्यांनी तो बंदच करून टाकला. मधली काही वर्षं चक्क रथांच्या शर्यती लावल्या. फुटबॉल परत आला तो १९१६ ला. मायामीचा ऑरेंज बाऊल १९३५ चा. हेतू थंडीत पर्यटक ओढण्याचा. त्याची ट्रॉफी म्हणजे खऱ्या संत्र्यांनी भरलेला वाडगा. पोरं तोंडात संत्रं धरून फोटो काढतात आणि कोणीही त्याला खेळाची माती म्हणत नाही. संत्रं चालतं, बटाटा चालत नाही. का? संत्र्याला नव्वद वर्षं झाली म्हणून?

बटाट्यावरून आठवलं. आयडाहोतल्या बॉइसीचा सामना १९९७ ला सुरू झाला तेव्हा त्याचं नाव ह्युमॅनिटेरियन बाऊल होतं. २०११ पासून तो फेमस आयडाहो पोटॅटो बाऊल झाला, आणि हल्ली जिंकणाऱ्या कोचवर फ्रेंच फ्राईज ओततात. 'मानवतेकडून बटाट्याकडे' असा विनोद यावर सगळे करतात. मधला टप्पा मात्र कोणी सांगत नाही, आणि आपल्या व्यवसायातल्या लोकांनी तो जरूर लक्षात ठेवावा : २००४ ते २००६ तो एमपीसी कॉम्प्युटर्स बाऊल होता. ती कॉम्प्युटर कंपनी २००८ ला दिवाळखोरीत गेली. बटाटा टिकून आहे. :-)

आता खरी गंमत. बहुतेक बाऊल चालवणाऱ्या संस्था कागदोपत्री ना-नफा आहेत. १९९१ ला अमेरिकेच्या आयकर खात्याने कॉटन बाऊलच्या बाबतीत म्हटलं की, मोबिल ही तेलकंपनी तुम्हाला जे पैसे देते ती जाहिरातीची किंमत आहे, कर भरा. सामन्याचं नाव 'मोबिल कॉटन बाऊल', मैदानावर मोबिल, गणवेशावर मोबिल. कुठल्याही शेंबड्या पोराला कळेल ही जाहिरात आहे म्हणून. पण मोठी धावपळ झाली आणि १९९७ ला कायद्यात तरतूदच आली की प्रायोजकाचं नाव नि लोगो दाखवणं म्हणजे नुसता 'आभारपूर्वक उल्लेख', त्यावर हा कर नाही. म्हणजे सूट-बूट घातलेली माणसं इतकी वर्षं सरळ तोंडाने म्हणत आली की ही जाहिरात नव्हेच. त्या सगळ्या कारभारात एकटा टोस्टर असा आहे जो म्हणतो : हो बाबा, मी जाहिरात आहे, घे खा.

आणि चांदीच्या, क्रिस्टलच्या, भारदस्त ट्रॉफ्या काय म्हणत होत्या? मला सगळ्यात जास्त चीड येते ती या गोष्टीची.

डिसेंबर २०१०. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक टेरेल प्रायर आणि त्याचे चार सहकारी पकडले गेले. गुन्हा काय? स्वतःला मिळालेल्या वस्तू विकल्या, काहींनी बदल्यात स्वस्तात टॅटू काढून घेतले. प्रायरने काय काय विकलं त्याची यादी अशी : २००८ च्या विजेतेपदाची अंगठी, मिशिगनला हरवल्यावर मिळणारी ती चिमुकली सोन्याची पँट (होय, पँट. ओहायो स्टेटमध्ये १९३४ पासून हे पदक देतात, आणि मला ते फार आवडतं) आणि फिएस्टा बाऊलमध्ये मिळालेलं खिलाडूवृत्तीचं बक्षीस. शिक्षा : पुढच्या सीझनचे पहिले पाच सामने बंदी, आणि वस्तू विकून आलेले पैसे दान करायचे. बक्षीस तुझं, घाम तुझा, गुडघे तुझे, पण विकायचं नाही. कारण तू हौशी खेळाडू. मात्र दोनच आठवड्यांच्या आत होणाऱ्या शुगर बाऊलमध्ये या पाचही जणांना खेळू दिलं! का तर म्हणे पोरांना नियम नीट समजावलेले नव्हते. शिक्षा पुढच्या वर्षी सोसा, आत्ता तिकिटं विकली गेली आहेत.

तीनच महिने पुढे या. मार्च २०११. ज्या फिएस्टा बाऊलचं ते बक्षीस होतं, त्याच संस्थेचा प्रमुख जॉन जंकर याला काढून टाकलं. वर्षाला जवळपास सहा लाख डॉलर पगार. संस्थेच्या पैशातून स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सुमारे ३३ हजार डॉलर. कर्मचाऱ्यांना राजकारण्यांना देणग्या द्यायला लावून संस्थेकडून त्यांना गुपचूप भरपाई. पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१४ ला त्याला आठ महिन्यांचा तुरुंगवास झाला.

एकाच बाऊलचं बक्षीस. विसाव्या-एकविसाव्या वर्षातल्या पोराने विकलं तर खेळाची इभ्रत गेली. त्या काळात बाऊल खेळणाऱ्याला अधिकृतपणे मिळत काय होतं? हेडफोन, व्हिडिओ गेम, घड्याळ असल्या भेटवस्तू, त्याही साधारण साडेपाचशे डॉलरच्या मर्यादेत. कोचला मात्र बाऊलचा बोनस करारात लिहिलेला. हे सगळं चालू असताना ट्रॉफ्या अतिशय देखण्या होत्या, बरं का. एकही टोस्टर नव्हता.

आता लीडचं. 'पोरांना इज्जत राहिली नाही.' १ जानेवारी २०१६ ला नोत्र दामचा जेलन स्मिथ फिएस्टा बाऊल खेळला. ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचात जाईल असं सगळे धरून चालले होते. त्या सामन्यात गुडघ्याचे लिगामेंट फाटले, नसेला इजा झाली, निवड झाली चौतिसावी. फरक करोडोंचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मिशिगनचा जेक बट ऑरेंज बाऊलमध्ये गुडघा मोडून बसला आणि पाचव्या फेरीपर्यंत घसरला. त्या संत्र्यांच्या वाडग्यासाठी. तोही मिळाला नाही, मिशिगन एका गुणाने हरलं. हे पाहिल्यावर ड्रेक मे घरी बसला तर मी म्हणेन, शहाणा पोरगा. २०२४ ला तो तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्या टोस्टरच्या सामन्यात मायामीचा कॅम वॉर्ड पहिल्या हाफमध्ये टचडाऊन पासचा विक्रम मोडून दुसऱ्या हाफमध्ये बसून राहिला, संघ एका गुणाने हरला, लोकांनी त्याला काय काय म्हटलं! चार महिन्यांनी तो ड्राफ्टमध्ये पहिला.

कबूल, इथे माझी बाजू थोडी लंगडी आहे. उरलेली पोरं दुसरा हाफ खेळतच होती, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे कोणी निवडणार नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर वॉर्डवर चिडलो असतो. पण चिडणं वेगळं आणि त्याच्याकडून फुकट गुडघा मागणं वेगळं. शिवाय आता पैसे मिळू लागले आहेत. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं, आणि जून २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी एका कॉलेजला मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, सगळे खेळ धरून. हे सगळं कोर्टात आणि विधिमंडळांत भांडून मिळालं. खेळाच्या पावित्र्यावर अग्रलेख लिहून काही मिळालं नाही.

आणि विचित्र ट्रॉफीची लाज कोणाला वाटावी? बाऊल सोडून बाजूला बघा. मिशिगन आणि मिनेसोटा १९०३ पासूनच्या एका पाण्याच्या घड्यासाठी भांडतात. मिशिगनवाले तो मिनेसोटात विसरून गेले होते, मूळ किंमत तीस सेंट. आयोवा आणि मिनेसोटा एका डुकरासाठी. १९३४ च्या सामन्यात आयोवाच्या ऑझी सिमन्स या कृष्णवर्णीय खेळाडूला मिनेसोटाने फार धसमुसळेपणाने मारलं होतं. पुढच्या वर्षी वातावरण इतकं तापलं की ते निवळावं म्हणून दोन राज्यांच्या गव्हर्नरांनी डुकराची पैज लावली. खरं डुक्कर होतं, मग त्याचा ब्राँझचा पुतळा झाला. तो घडा आणि ते डुक्कर मार्केटिंगवाल्यांनी बसवलेलं नाही, हा फरक मला मान्य आहे, आणि टोस्टर त्या पंगतीत आज बसत नाही हेही. शंभर वर्षांनी बघू.

आता शेवटी घरचं सांगतो, कारण मला एवढा राग का येतो हे बायकोनेही विचारलं.

माझ्याकडे एक ट्रॉफी आहे. क्रिस्टलसारखी दिसणारी, ॲक्रिलिकची, आत लेझरने कोरलेलं माझं नाव आणि खाली 'एक्स्ट्रा माईल'. एका कंपनीत असताना (नाव सांगत नाही) एका रिलीजसाठी सलग अकरा वीकेंड काम केल्याबद्दल मिळाली. ओव्हरटाईम नाही, कारण आम्ही हौशी खेळाडू. म्हणजे, सॉरी, 'प्रोफेशनल्स'. कॉम्प-ऑफ मागितला तर मॅनेजर म्हणाला, अरे, तुला रेकग्निशन दिलंय ना! त्या अकरांतल्या सातव्या रविवारी पुण्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी व्हिडिओ कॉलवर होतो, म्यूट करून, कारण दुसऱ्या कानात डिप्लॉयमेंट चालू होतं. आजी पुढच्या वर्षी गेली.

बाबांनी ती ट्रॉफी शोकेसमध्ये, माझ्या मुंजीच्या फोटोशेजारी ठेवली आहे. दर रविवारी फडक्याने पुसतात. पाहुण्यांना दाखवतात. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

असो. ग्रुपवर शेवटी मी एवढंच लिहिलं की, प्रायर आणि जंकर ही दोन नावं शोधून वाचा आणि मग टोस्टरवर हसा. तासभर शांतता होती. मग त्या मित्राचाच मेसेज आला : "ते सोड, हा टोस्टर खरंच चालतो का?"

चालतो रे. दोन स्लाईस एका वेळी.