लाल बटण

मामा, परवा फोनवर तुम्ही "आवाज असा का येतोय गं तुझा?" असं विचारलंत आणि मी "सर्दी" म्हणून वेळ मारून नेली. सर्दीबिर्दी काही नव्हती. त्या दुपारी मी ऑफिसात एक मोठा घोळ घालून बसले होते. आता निस्तरलाय (बराचसा), म्हणून लिहायचं धाडस करतेय.

आमच्या धंद्यात 'रेपो' नावाची एक चीज असते. प्रोग्रामची वही म्हणा. फक्त या वहीत खोडलेलंही शिल्लक राहतं... कुणी, कधी, काय बदललं ते सगळं. पूर्वी ही वही ऑफिसातल्या एखाद्या टेबलाखालच्या मशीनवर असायची. आता ती ढगात, म्हणजे दुसऱ्या कुणाच्यातरी मशीनवर असते आणि आपण ब्राउझरमधून एक कन्सोल उघडून तिची देखभाल करतो. नवा रेपो काढा, कुणाला काय दिसावं ते ठरवा, नको तो उडवा. सगळं माउसच्या टिचकीवर.

तर मी आवराआवर करत होते. यादीत साठेक रेपो, त्यातले निम्मे कुणीतरी कधीतरी 'बघू या चालतं का' म्हणून काढलेले. त्यात एक 'बिलिंग' आणि एक 'बिलिंग-जुनं'. उडवायचं कुठलं, हे पहिलीतलं पोरही सांगेल! कन्सोलने विचारलं, खात्री आहे का? असेल तर हा शब्द टाइप करा. मी केला. लाल बटण दाबलं आणि चहाला गेले.

अर्ध्या तासाने टीममधला एक मुलगा आला. "ताई, बिलिंगचा रेपो सापडत नाहीये." मी अगदी अनुभवी सुरात म्हटलं, "वर उजव्या कोपऱ्यात रीजन बघ, दुसरा निवडला गेला असेल." (नव्या पोरांची हमखास फजिती. मुंबईऐवजी दुसरा रीजन निवडला गेला की यादी रिकामी दिसते आणि बिचारे घामाघूम होतात.) तो म्हणाला, "मुंबईच आहे ताई." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

झालं होतं असं, की २०२० साली आम्ही सगळं बिलिंग नव्याने लिहायला घेतलं होतं. त्या उत्साहात चालू असलेल्याला 'जुनं' हे नाव देऊन टाकलं. नवं सहा महिन्यांत बारगळलं, जुनं मात्र आजपर्यंत इमानेइतबारे बिलं छापतंय. हे मला ठाऊक होतं हो! त्या मीटिंगला मीच होते. पण 'टाइप करा' म्हणणारी ती चौकट तुमची बोटं शुद्धीवर आहेत का एवढंच तपासते. तुम्हाला काय आठवतंय आणि काय नाही, ते तिला कुठून कळणार?

कोड परत आला, तासाभरात. त्याच मुलाच्या लॅपटॉपवर पूर्ण क्लोन होता. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं ते मुळी याच बेताने, की प्रत्येकाकडे पूर्ण वही, पहिल्या पानापासूनची. त्याआधी आम्ही सबव्हर्जन वापरायचो, त्यात आपल्याकडे फक्त चालू पान असायचं आणि इतिहास सगळा सर्व्हरवर. टेबलाखालच्या त्या मशीनची डिस्क एकदा गेली तेव्हाची रात्र मी अजून विसरलेले नाही. तेव्हा 'आमच्या वेळी बरं होतं' असलं रडगाणं मी गाणार नाही.

पण गंमत बघा. प्रत्येकाकडे पूर्ण वही असायला प्रत्येकाने ती उतरवून तर घ्यायला हवी! आता ब्राउझरमध्येच फाइल उघडायची, तिथेच दोन ओळी बदलायच्या, तिथेच मंजूर करायच्या. बिल्ड करणारी मशीनंही वेळ वाचवायला शेवटचंच पान उतरवतात. म्हणजे ज्या प्रतींनी मला वाचवलं, त्या कन्सोलच्या सोयीपायी हळूहळू कमी होताहेत. यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून माझी ही टकळी.

आणि जे परत आलं नाही, ते मुळात वहीत नव्हतंच. कोडचा बदल मंजूर करताना त्यावर जी चर्चा होते, ती गिटमध्ये नसते. ती त्या सेवेच्या डेटाबेसमध्ये असते. रेपो गेला की तीही गेली. आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. बँकेतून आलेले, पैशापैशाला चिकट. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या चार वर्षांच्या टिपणा त्या चर्चांमध्ये होत्या. एक मला पाठ आहे. १० रुपये ३ पैशांच्या तीन वस्तू, १८ टक्के कर. प्रत्येक ओळीवर काढून पूर्ण पैशात आणलात तर १.८१ तिनदा, म्हणजे ५.४३. बेरजेवर काढलात तर ५.४२. "हा एक पैसा कुठे गेला ते ऑडिटरला तुम्ही सांगणार की मी?" असं लिहिलं होतं त्यांनी. बाकीच्या किती होत्या कुणास ठाऊक... आम्ही त्या कधी वाचून काढल्याच नाहीत. आहेत ना तिथे, म्हणून.

हे फक्त माझ्यासारख्या वेंधळ्यांचंच होतं असं नाही. जानेवारी २०१७ अखेरीस गिटलॅबच्या एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. रेपो शाबूत राहिले, पण सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्या. त्यात पाचेक हजार कॉमेंटही होत्या. त्यांनी मात्र सगळं उघडपणे सांगितलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. त्याला हिंमत लागते! (मी मामांना सर्दी सांगितली.)

'कोड स्पेसेस'चं तर आणखी वाईट. लोकांचे रेपो सांभाळणं हाच त्यांचा धंदा. जून २०१४ मध्ये कुणी भामटा त्यांच्या ॲमेझॉनच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरला आणि खंडणी मागू लागला. हे पासवर्ड बदलायला गेले, तसा त्याने एकेक गोष्ट उडवायला सुरुवात केली, आणि बॅकअपही बहुतेक त्याच पॅनेलमागे! बारा तासांत कंपनी बंद. आणि बटण कुणी दाबलं नाही तरी दुकानाचं धोरण बदलतंच. ॲमेझॉनने कोडकमिटचं दार जुलै २०२४ मध्ये नव्या गिऱ्हाइकांना बंद केलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. मधल्या काळात ज्यांनी घाईघाईने सामान हलवलं, त्यांनी काय म्हणावं?

असो. आता आमच्याकडे उडवायचा अधिकार दोघांनाच आहे, आणि त्या दोघांत मी नाही. मीच काढून टाकायला सांगितला. रोज रात्री ऑफिसातलं एक मशीन सगळ्या रेपोंची पूर्ण प्रत उतरवतं, आणि दर रविवारी तिची एक जुनी प्रत बाजूला ठेवतं. कारण आरसा आज्ञाधारक असतो, तिकडे एखादी ब्रँच पुसली तर इकडचीही पुसून मोकळा होतो. 'का' असं केलं, हे मात्र आता कोडमध्ये किंवा कमिटच्या संदेशात लिहायचं. चर्चेत नाही. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

शनिवारी बसून मी आबांचं जेवढं आठवत होतं तेवढं त्या फंक्शनच्या डोक्यावर लिहून काढलं. एका गिऱ्हाइकाला तिथे राउंडिंगमधून वगळलंय, ते का, हे टीममधल्या कुणालाच आठवेना. ती ओळ काढायची हिंमत कुणाची होत नाही. तिच्यावर मी लिहिलंय : "कारण आबांना माहीत होतं. हात लावू नये."