आधी कोणता मंत्र?

संगणकावर पत्त्यांचा खेळ आणायचा म्हणजे नुसती रंगीत चित्रे काढून भागत नाही. घरी खेळताना वाद झाला, तर एखादे आजोबा निवाडा देतात आणि डाव पुढे सरकतो. संगणकाजवळ आजोबा नसतात. प्रोग्रॅमरने आधी लिहून ठेवलेल्या सूचना, एवढाच त्याचा आधार!

‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाचेच पाहा. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला आणि २००२ मध्ये इंटरनेटवर. त्यातले काही पत्ते प्राण्यांचे, काही मंत्रांचे. प्रत्येकाचा प्रभाव त्या-त्या पत्त्यावरच छापलेला.

समजा, एका खेळाडूचे अस्वल आहे. ताकद २, सहनशक्ती २. प्रतिस्पर्धी त्याच्यावर विजेचा मंत्र टाकतो. इजा ३. अस्वलाचा मालक लगेच दुसरा मंत्र टाकतो. त्याने फेरी संपेपर्यंत अस्वलाची ताकद आणि सहनशक्ती तीन-तीनने वाढते. आता आधी काय घडावे? वीज आधी पडली, तर अस्वल मेलेच. १९९९ पासूनचा नियम असा, की मंत्र पोळ्यांच्या चळतीसारखे एकावर एक रचायचे आणि शेवटचा आधी उचलायचा. म्हणजे आधी वाढ, मग वीज. सहनशक्ती ५, इजा ३. अस्वल वाचले!

खरी मेख पुढेच आहे. फेरी संपताना वाढ ओसरते आणि झालेली इजाही पुसली जाते. संगणक मात्र एका वेळी एकच सूचना पाळतो. त्याने आधी वाढ काढली, की सहनशक्ती उरते २ आणि इजा ३. वाचलेले अस्वल हकनाक मरते आणि नियम नीट वाचून खेळणाऱ्याचा डाव जातो. म्हणून नियमातच म्हटले आहे, की या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात. प्रोग्रॅमरने दोन्ही बदल पुरे झाल्यावरच ‘कोण मेले?’ हे तपासायचे.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. अस्वलाचा मूळ २ हा आकडा खोडून तिथे ५ लिहायचा नाही. २ तसाच ठेवून शेजारी ‘अधिक ३, या फेरीपुरते’ अशी नोंद करायची. मुदत संपली, की तेवढी नोंदच काढायची. मधल्या काळात दुसऱ्या मंत्राने काही बदल केले असतील, तर ते शाबूत राहतात.

आपल्या घरातील मुलांना अशा खेळांची आवड असेल, तर त्यांना बदामसातचे नियम कागदावर लिहायला सांगा. पत्ते कधीच न पाहिलेल्या माणसाला ते वाचून खेळता आले पाहिजे. पान हातात असताना ‘पास’ म्हणता येते का? एवढ्या एका प्रश्नावरच लेखणी अडेल. गृहीत धरलेली गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडणे, हा प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा आहे. त्यासाठी घरात संगणक असण्याचीही गरज नाही.